पाण्याची इयत्ता

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत असताना पाण्याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. पाणी हे रंगहीन, गंधहीन व चवहीन असते. परीक्षेत ती लिहून मी पूर्ण गुण मिळवले. परंतु आमच्या गावच्या कालव्याला रंगही होता आणि गंधही. चवीबद्दल मी काही लिहू शकत नाही, कारण माझ्या पिढीतल्या कुणी ती घेतलेली नाही. शेजारच्या नानांच्या पिढीने घेतली आहे. ते सांगतात, "नांगर सुटला की आधी बैलांनी प्यायचं, मग चार पावलं वर सरकून आपण ओंजळीनं प्यायचं. पोटात कधी दुखलं नाय."

आमचे गाव मुठेच्या जुन्या उजव्या कालव्याच्या काठी, हडपसरच्या पुढे आहे. गावाचे नाव मी लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल. इंग्रजांच्या काळात, १८७९ च्या सुमारास, खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पुण्याला आणि लष्कराला पाणी मिळावे व पूर्वेकडच्या अवर्षणी मुलखाची तहान भागावी, हा त्यामागचा हेतू होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. पुढे ते पुन्हा उभे राहिले, मोठा नवा कालवा निघाला आणि तो दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून इंदापूरपर्यंत गेला. मग आमच्या जुन्या कालव्याला लोक 'बेबी कालवा' म्हणू लागले. वयाने थोरला, पण नावाने बाळ!

शहर वाढले तशी त्याची तहान वाढली. तेव्हा शहराने एकदा वापरलेले पाणी प्रक्रियेनंतर मुंढव्याजवळ नदीतून उचलावे, ते शेतीसाठी जुन्या कालव्यात सोडावे व धरणातले ताजे पाणी पिण्यासाठी राखावे, अशी योजना झाली. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. वापरलेले पाणी वाया घालवू नये, हे मलाही पटते. प्रश्न एवढाच उरतो, की आमच्यापर्यंत जे पोहोचते ते कसे आहे, आणि ते पाहते कोण?

हा प्रश्न मला आपण होऊन सुचला असे मात्र नाही. द्वितीय वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा असतो. बहुतेकांनी वृक्षारोपण, प्लास्टिक असे विषय घेतले. मी "आमच्या गावचा कालवा" असे लिहून दिले, ते केवळ येण्याजाण्याचे भाडे वाचावे म्हणून. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. प्रकल्प म्हणजे काय, हे घरी कुणाला विचारण्याची सोय नव्हती. भूगोलाच्या मॅडमनी मला विज्ञान शाखेतील रसायनशास्त्राच्या सरांकडे पाठवले. सर म्हणाले, "कलेच्या विद्यार्थिनीला बाटली धरता येईल ना?" मी म्हटले, "सर, मी घागर धरते." ते हसले आणि त्यांनी कपाट उघडले.

पाणी तपासणे म्हणजे पाणी भरणे नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. काठावरचे पाणी घ्यायचे नाही, वरचा फेसही घ्यायचा नाही. पुलावरून दोरीला बादली बांधून मधल्या धारेचे पाणी काढायचे. रसायनांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतूंची बाटली मात्र विसळायची नाही, कारण ती निर्जंतुक करून दिलेली असते. तीही बर्फात ठेवून होईल तितक्या लवकर प्रयोगशाळेत न्यायची. बाटलीवर तारीख तर हवीच, पण वेळही हवी आणि आवर्तनाचा कितवा दिवस तेही हवे. पाटकरी तात्यांनी या शेवटच्या गोष्टीचे मर्म एका वाक्यात सांगितले : "पहिल्या दिवसाचं पाणी कालव्याचं तोंड धुतं, मग खरं पाणी येतं." बंद काळात कालव्यात साचलेला गाळ, कचरा, जलपर्णी हे सारे पहिल्या लोंढ्याबरोबर पुढे ढकलले जाते. पहिल्या दिवशीची बाटली आणि पाचव्या दिवशीची बाटली ही एकाच कालव्याची दोन वेगळी बोलणी असतात.

वेळेचे महत्त्व मला ऑक्सिजनच्या चाचणीने पटवले. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची रीत विंकलर नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली. ती आजही चालते. पाणी काढल्या जागी त्यात दोन रसायने घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. आवर्तन संपत आले होते, पाणी संथ होते. भर दुपारी मी बाटली भरली, साका चांगला तपकिरी आला. मला आनंद झाला. सर म्हणाले, "आता हीच बाटली पहाटे भर." दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन तयार करते, रात्री मात्र शेवाळ आणि जंतू मिळून तो खाऊन टाकतात. त्यामुळे पाण्याची खरी परीक्षा पहाटे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साका पांढुरका आला. साहेबलोक पाहणीला दुपारी येतात, हे मला तेव्हा आठवले.

नानांना मी हे दाखवले, तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. "पहाटेची चिलापी वर येऊन तोंड वासती, ते बघितलं का कधी? तिला दम लागतो." नानांचे प्रयोगशास्त्र वेगळे, पण निष्कर्ष तोच. आधी खेकडे गेले, मग मरळ गेली, आता चिलापी आणि मांगूर तेवढे राहिले, अशी त्यांची नोंद आहे. फक्त ती कुठे लिहिलेली नाही.

आता शीर्षकाकडे येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग पाडले आहेत. 'अ' वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते. त्यात लिटरला निदान ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. 'ब' अंघोळीचे, त्याला ५ लागतो. 'क' नेहमीची पूर्ण शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्याचे, 'ड' माशांचे व वन्यजीवांचे. या दोहोंना ४. शेवटचा वर्ग 'इ'. तो शेतीचा. त्याच वर्गात कारखान्यांतील थंड करण्याचे पाणी आणि सांडपाण्याची नियंत्रित विल्हेवाट हेही उपयोग बसवले आहेत. 'इ' वर्गाच्या कसोट्या चार : पीएच ६ ते ८.५, विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन. ऑक्सिजन नाही, आणि विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची मोजणीही नाही.

या कसोट्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. खारट पाण्याने जमीन चोपण होते, पीक बसते. आमच्या भागातल्या उसाच्या जमिनींनी ते पाहिले आहे. त्या कसोट्या जमिनीच्या बाजूने विचार करतात. पण कालव्यावर नुसती जमीन राहत नाही. तिथे धुणे धुतले जाते, म्हशी धुतल्या जातात, पोरे डुंबतात आणि भाजी धुतली जाते. आमच्या बाटलीतले पाणी पीएच व क्षार या दोन विषयांत उत्तीर्ण झाले. ज्या विषयांत ते नापास झाले असते, ते विषय त्याच्या इयत्तेला लावलेलेच नाहीत. शेतीच्या पाण्यातील जंतूंचा विचार जगात कुणी केलाच नाही असेही नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या पाण्यात १०० मिलिलिटरला विष्ठाजन्य जंतू १,००० हून अधिक नसावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच केली होती. उसाला एक न्याय आणि कोथिंबिरीला दुसरा, हे तिने ओळखले होते.

आणि कोथिंबीर हेच आमच्या घराचे पीक आहे.

सरांनी मला काळ्या पट्टीच्या चार बाटल्या दिल्या होत्या. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ही स्वस्त चाचणी जगापुढे मांडली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. आतड्यातले जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात व पाणी काळे पडते. "कालव्यावर ही वापरू नकोस, ते काळे होणारच. पिण्याच्या पाण्यावर वापर," असे सरांनी बजावले होते. म्हणून मी एक बाटली नळाची भरली, एक लांबच्या हापशाची, आणि दोन कालव्यालगतच्या आमच्या विहिरीच्या. ही विहीर कालव्याच्या पाझरावरच भरते. कालवा सुटला की चार दिवसांत तिला पाणी वाढते, म्हणून अण्णा तिला लक्ष्मी म्हणतात. बाटल्या मी चुलीमागच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळाची आणि हापशाची जशीच्या तशी होती. विहिरीच्या दोन्ही काळ्या झाल्या होत्या.

आई रोज पहाटे कोथिंबिरीच्या दोनशे जुड्या बांधते. टेम्पो यायच्या आधी त्या कालव्यात बुचकळून काढते. माती जाते, पान टवटवीत दिसते आणि भाव चार पैसे बरा मिळतो. शहरातून निघालेले पाणी अशा रीतीने कोथिंबिरीच्या पानावर बसून पुन्हा शहरात, मार्केट यार्डात जाते. तिथून ते कुणाच्या पोह्यांवर पडते, याचा विचार मी बाटल्या काळ्या होईपर्यंत केला नव्हता.

मी आईला म्हटले, "आई, जुडी कालव्यात बुचकळू नको. विहिरीचंबी नको."

"मग काय गंगेला नेऊ? नळाला दिवसाआड पाणी येतं."

"हापसा आहे ना."

"हापसा कुणी मारायचा दोनशे जुड्यांना?" मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे तू पुस्तकात लिहिणार?"

"प्रकल्प आहे. लिहावाच लागेल."

"लिही. पन गावाचं नाव घालू नको. उद्या अडत्या म्हनंल, ह्या गावची भाजी नको. उसाला कोन इचारत न्हाई, आमालाच इचारतील. तुझी फी कशातनं भरली ते ध्यानात ठेव."

माझी फी कोथिंबिरीतून भरली, हे खरे आहे. प्रथम वर्षाची भरली आणि याही वर्षाची. सत्य लिहावे, असे आम्हाला वर्गात शिकवतात. पण सत्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याने पाणी घाण केले तो पाचपन्नास कोसांत विखुरलेला आहे. त्यात शहराचे लाखो संडास आहेत, काठच्या वस्त्या आहेत, गोठे आहेत, आणि आमच्याच शिवारात औषधाचा पंप कालव्यात धुणारे हातही आहेत. जी बाई त्या पाण्यात जुडी बुडवते ती मात्र एकाच जागी सापडते. पाहणी करणाऱ्याने बोट दाखवताना एवढे तरी ध्यानात घ्यावे.

म्हणून गावाचे नाव इथे नाही. बाकी सारे आहे, कारण ती कोथिंबीर खाणाऱ्यांचाही काही हक्क आहे. त्यात आमच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीही आल्या.

घरी तोडगा निघाला तो अर्धामुर्धा. पाणी वाफ्यात भरून न सोडता सरीतून द्यायचे, म्हणजे पानाला लागत नाही. काढणीच्या आधीचे काही दिवस पाणी तोडायचे. जुड्या शेवटी हापशाच्या पाण्याने धुवायच्या आणि हापसा मी व धाकट्या भावाने आळीपाळीने मारायचा. जुडी पूर्वीइतकी टवटवीत दिसत नाही, भाव थोडा कमी येतो. आई रोज एकदा ते बोलून दाखवते, पण जुड्या हापशावरच धुते.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात पर्वतीजवळ कालव्याची भिंत फुटली, घरांत पाणी शिरले, संसार वाहून गेले. तेव्हा आपल्या मधून कालवा वाहतो, हे शहराला एकदम आठवले. पाण्याची प्रत बिघडते तेव्हा असा आवाज होत नाही. कुठली भिंत पडत नाही, छायाचित्र येत नाही. ती कळायची तर सतत पाहत राहणे हाच मार्ग आहे. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, देशाचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. कायदा जुना आहे, यंत्रणाही आहे. तरी मोजणारा माणूस प्रत्येक चारीवर, प्रत्येक पहाटे उभा राहू शकणार नाही. तिथे राहणारा मात्र उभा असतोच.

आपल्या महाविद्यालयात कालव्याकाठच्या गावांतून येणारी मुलेमुली थोडी नाहीत. मुठेची आहेत, नीरेची आहेत. सरांच्या सल्ल्याने मी शंभर पानी वही घातली आहे. तिच्यात सहा रकाने आहेत : तारीख, वेळ, आवर्तनाचा दिवस, वास, फेस व रंग, आणि मासे. यांतल्या एकाही रकान्याला प्रयोगशाळा लागत नाही. एका दिवसाच्या नोंदीला कुणी विचारणार नाही; पण दहा गावांच्या वर्षभराच्या वह्या एकत्र टेबलावर ठेवल्या, तर दुपारी येणाऱ्या साहेबालाही त्या उघडाव्या लागतील. मासे हा रकाना मी नानांना विचारून भरते. इतकी वर्षे त्यांच्या डोक्यात असलेली नोंद आता कागदावर उतरू लागली आहे. ज्यांना अशी वही सुरू करायची असेल त्यांनी मला भेटावे. रकाने आखून द्यायला मी मोकळ्या तासाला ग्रंथालयात असते.