मिठवणी

बेळगावात आमच्या जाऊबाई कैरीचं लोणचं करून विकतात. (आजेसासूबाई मुरलेलं लोणचं खात नसत, ते वेगळं.) फोडी खारवल्या की मागं उरते मिठवणी. शंभर लिटरात दहा-पंधरा किलो मीठ. तिचं करायचं काय?

सांडपाण्याची कामं घेणारे एक गृहस्थ म्हणाले, "शोषखड्डा मारा, वहिनी. जमीन सगळं पिते."

पिते खरी, पण मीठ पचवत नाही. खरकट्याचा अंश जंतू खातात, मीठ कोण खाणार? ते झिरपत शेजारच्या आडात उतरणार. आपण पाणी गाळतो, गाळणं उलटं धुऊन ते पाणी पुन्हा त्याच आडात सोडतो, का, तर जीव जगावेत. आणि त्यांच्यावर मीठ ओतायचं? मी तोंडावर नाही म्हटलं. जाऊबाई थोड्या रागावल्याच. खड्डा स्वस्तात होत होता.

मग आधी धुण्याचं पाणी वेगळं काढलं. मिसळलं की सगळंच खारट. पहिली मिठवणी गाळून, उकळून पुढच्या फोडींना घातली. उरली ती गच्चीवर जाड प्लॅस्टिकवर दोन बोटं उंच पसरली, वर मच्छरदाणी, नाहीतर माश्या-मुंग्या पडतात. एप्रिल-मेच्या उन्हात आटून करडं मीठ राहतं. ते पोत्यात, झाडाबुडी मुळीच नाही.

मृगाच्या आत आटलं नाही ते झाकणाच्या पिंपांत, दिवाळीनंतरच्या उन्हाची वाट बघत. गेल्या साली अशी तीन पिंपं सोप्यात होती. येणारी प्रत्येक बाई विचारी, "अगंबाई, एवढं लोणचं?"