मिताकाचें संग्रहालय आणि मक्याचें कणीस

जपानला जाऊन आलेल्या मंडळींनीं फूजी पर्वत, क्योतोचीं देवळें आणि वाऱ्याशीं पैज लावणारी आगगाडी यांचीं वर्णनें इतकीं लिहिलीं आहेत कीं, त्यांत आमची भर पडण्याचें कांहीं कारण नाहीं. आम्ही व सौ. तीन आठवडे टोकियोस राहून आलों तें केवळ कन्येस भेटण्याकरितां. ती तेथें नोकरीनिमित्त असते. त्या मुक्कामांतील एकाच दिवसाविषयीं येथें लिहावयाचें आहे, आणि तो दिवस आम्हीं घालविला हातानें काढलेल्या चित्रांच्या बोलपटांच्या एका संग्रहालयांत. साठी उलटलेल्या गृहस्थानें कार्टूनविषयीं काय लिहावयाचें, असें वाचकांच्या मनांत येईल. सकाळीं घरून निघतांना आमच्याहि मनांत तेंच होतें.

मिताका हें टोकियोच्या पश्चिमेचें उपनगर. स्टेशनाच्या दक्षिण दारानें बाहेर पडलें कीं तामागावा जोसुई नांवाचा कालवा लागतो. टोकियोस एदो म्हणत त्या काळीं, १६५३ सालीं, शहरास पाणी पुरविण्याकरितां तो खणलेला. आतां झाडीच इतकी दाट आहे कीं पाणी शोधावें लागतें. त्याच्या कडेनें पंधरा मिनिटें चाललें कीं इनोकाशिरा उद्यानाची हद्द येते व झाडांत अर्धीमुर्धी लपलेली, वेलींनीं वेढलेली एक इमारत दिसूं लागते. सौ.ना हें अंतर चालावयास अर्धा तास लागला. त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया होऊन वीस वर्षें लोटलीं, तरी चालतांना त्या अजून पाऊल जपून टाकतात. कन्या त्यांच्या पावलास पाऊल मिळवून चालत होती. तिनें एकदांहि घड्याळाकडे पाहिलें नाहीं, हें आम्हीं पाहिलें, कारण आम्ही दर दोन मिनिटांनीं पाहत होतों. येथें दारांत तिकीट मिळत नाहीं. दिवस व वेळ ठरवून तें आगाऊ घ्यावें लागतें.

फाटकाजवळ तिकिटाची खिडकी दिसली. आम्हीं अदबीनें कागद पुढें केला आणि मान वर केली तों कांचेमागें एक भलाथोरला, करडा, केसाळ प्राणी डोळे वटारून आमच्याकडे पाहत होता! हाच तोतोरो. ती खिडकी खोटी आहे. खरें दार पुढें आहे. भोंवतालचीं मुलें आनंदानें ओरडलीं. आम्हीं कागद परत खिशांत घातला व कन्येकडे न पाहतां पुढें चालूं लागलों.

हायाओ मियाझाकी ह्या चित्रपटकारानें हें संग्रहालय स्वतःच्या कल्पनेप्रमाणें बांधवून घेतलें व १ ऑक्टोबर २००१ रोजीं तें लोकांस खुलें झालें. त्याच वर्षीं आलेल्या त्याच्या एका चित्रपटास पुढें २००३ सालीं अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. आंत शिरतांना तिकिटाबरोबर फिल्मचा एक लहानसा तुकडा हातांत देतात. उजेडापुढें धरला कीं त्यांत कुठल्यातरी चित्रपटांतील चित्र दिसतें. आमच्या तुकड्यांत नुसतें गवत होतें. पुढें मात्र कोणी वाट दाखवीत नाहीं. प्रथम हें पाहा, मग तें पाहा, अशी पाटी कोठेंहि नाहीं. मध्यें उंच दिवाणखाना, वर कांचेचा घुमट, एक नागमोडी जिना, आणि मोठ्या माणसास वांकावें लागेल अशीं ठेंगणीं दारें. आंत फोटो काढण्यास बंदी आहे. हा नियम आम्हांस फार आवडला. हल्लीं माणसें डोळ्यांनीं पाहण्याआधींच यंत्रानें पाहूं लागलीं आहेत; येथें निरुपायानें कां होईना, डोळ्यांस काम मिळतें.

खालच्या मजल्यावर एका अंधाऱ्या दालनांत एक मोठी गोल चकती आहे. तिच्यावर तोतोरोच्या, उड्या मारणाऱ्या मुलींच्या आणि मांजराच्या आकाराच्या एका मोटारीच्या कितीतरी बाहुल्या वर्तुळांत मांडल्या आहेत. प्रत्येक बाहुली शेजारणीहून किंचित् वेगळ्या ठेवणीची. चकती फिरूं लागली कीं सर्व कांहीं धूसर होतें. मग एकाएकीं प्रकाश लुकलुकूं लागतो, आणि पाहतां पाहतां मुली दोरीवर उड्या मारतात, मांजर धांवतें, तोतोरो वर उडून खालीं येतो. एक चित्र डोळ्यापुढून जाण्याआधींच दुसरें आलें म्हणजे मन मधली फट आपणच भरून काढतें. बोलपटाची सारी विद्या हीच. त्यांत एका सेकंदास चोवीस चित्रें सरकतात. आम्ही तेथें तीन वेळां रांग धरून उभे राहिलों.

तेथें उभे असतां दादासाहेब फाळके यांची आठवण झाली. १९१२ सालीं, 'राजा हरिश्चंद्रा'च्या आधीं, त्यांनीं वाटाणे पेरून त्यांच्या वाढीचीं चित्रें ठराविक वेळानें एकेक करून घेतलीं, आणि पडद्यावर तो अंकूर पाहतां पाहतां वर येतांना दाखवून भांडवल मिळविलें. पुढें १९१५ त त्यांनीं 'आगकाड्यांची मौज'हि केली. तोतोरोच्या चित्रपटांत दोन मुली रात्रीं अंगणांत पेरलेल्या बियांपाशीं तोतोरोसह हात वर करून उड्या मारतात आणि अंकूर फुटून त्यांचा आकाशाएवढा वृक्ष होतो. हा प्रसंग कन्येनें सांगितला तेव्हां आमच्या तोंडून "हें तर फाळक्यांचें!" असें निघून गेलें. तसें तें नाहीं, हें आम्हांसहि समजतें. पण बी उगवतांना पाहावें ही हौस नाशिक जिल्ह्यांत काय आणि जपानांत काय, एकच असावी.

वरच्या मजल्यावर चित्रकाराच्या खोल्या मांडल्या आहेत. भिंती चित्रांनीं भरलेल्या, पुस्तकांचे ढीग, छतास टांगलेलीं विमानें, आणि बरण्यांत झिजून बोटाएवढ्या उरलेल्या पेन्सिली. त्या पेन्सिलींपुढें आम्ही बराच वेळ उभे होतों. जन्मभर हिशेबाच्या वह्यांवर पेन्सिल झिजविलेल्या माणसास त्यांतले श्रम कळतात.

गच्चीवर जाण्यास गोल जिना आहे. सौ. जिन्याच्या कठड्याला धरून, दर पायरीवर थांबत वर आल्या. तेथें एका जुन्या चित्रपटांतील सुमारें पांच मीटर उंचीचा यंत्रमानव झाडांत उभा आहे. त्याच्याशीं फोटो काढण्याची मुभा आहे, म्हणून तेथें झुंबड असते. आम्ही तिघें बाजूस बसलों. आणि तेथें कन्येनें जें सांगितलें, त्याकरितां हा सारा लेख.

२००४ सालीं सौ.ना मणक्याचा क्षय झाला. शस्त्रक्रिया, मग औषधें, मग महिनेन् महिने अंथरूण. कन्या तेव्हां सात वर्षांची. आम्हीं तिला नाशिकला आत्याकडे ठेविलें व आई कोंकणांत आजीकडे गेली आहे असें सांगितलें. त्या वयांत रोगाचें नांव कानीं पडूं नये, हा हेतु. आत्याच्या मुलानें तिच्याकरितां कोठूनशी तोतोरोची तबकडी आणिली आणि ती तिनें इतक्या वेळां पाहिली कीं, पुढें घरीं आल्यावर आम्हीं ती कपाटावर ठेवून दिली. अभ्यास सोडून हें काय, असा आमचा रोख होता.

"बाबा, मला माहीत होतं," कन्या म्हणाली. "आत्या फोनवर हळू बोलायची. ती हळू बोलली कीं मी जाऊन सिनेमा लावीत असे. त्यांतले बाबा मुलींना सायकलवर बसवून आईला भेटायला दवाखान्यांत नेतात."

ती रागावून बोलली नाहीं. रागावली असती तर आम्हांस उत्तर देतां आलें असतें. मग तिनें विचारलें, नाशिकच्या एस. टी. स्टँडवर ती सांपडली होती तें आठवतें का. आठवत होतें. आत्याचा डोळा चुकवून ती घरांतून निघाली होती. हातांत मक्याचें एक कणीस होतें. फोनवर हें कळल्यावर आम्हीं तिला फार बोललों होतों आणि कणीस कशाला, हें विचारावयाचें राहून गेलें होतें. सौ. खालीं मान घालून पदराचें टोंक बोटास गुंडाळीत होत्या. त्यांस हें पूर्वींच ठाऊक होतें. केव्हां सांगितलें हें त्या दोघींनीं आम्हांस सांगितलें नाहीं व आम्हींहि विचारलें नाहीं.

त्या रात्रीं कन्येच्या लहानशा खोलीत आम्हीं तो चित्रपट प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. १९८८ सालचा तो. तेव्हां त्याच्याच जोडीला, एकाच खेळांत, युद्धांत पोरक्या झालेल्या भावंडांचा 'काजव्यांचें थडगें' हाहि चित्रपट दाखवीत असत. घरीं परततांना मुलांच्या मनांत यांतला कोणता राहत असेल, कोण जाणे. तोतोरोच्या गोष्टींत प्राध्यापक बाप दोन मुलींस घेऊन खेड्यांत राहावयास येतो, कारण आई जवळच्या रुग्णालयांत आहे. रोगाचें नांव कोणी घेत नाहीं. मियाझाकीची आई मात्र मणक्याच्या क्षयानेंच कित्येक वर्षें अंथरुणावर होती. शनिवारीं आई घरीं यावयाची असते, पण रुग्णालयाची तार येते आणि तिचें येणें लांबतें. धाकटी मेई, चार वर्षांची, आईला बरें वाटावें म्हणून मक्याचें कणीस छातीशीं धरून एकटीच रुग्णालयाची वाट धरते, आणि चुकते. सारा गांव तिला शोधतो. शेवटीं मांजराच्या आकाराची ती मोटार दोघी बहिणींस रुग्णालयाबाहेरच्या झाडावर नेऊन सोडते. खिडकींतून आईबाप हंसत बोलतांना दिसतात. मुली आंत जात नाहींत. खिडकीच्या कट्ट्यावर कणीस तेवढें ठेवून निघून जातात.

चित्रकलेच्या दृष्टीनें गुणदोष सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, चित्रांतला बाप आमच्याहून वयानें लहान व शहाणा आहे. मुलगी येऊन सांगते, मी रानांत राक्षस पाहिला; तो तिला खोटें पाडीत नाहीं आणि स्वतःहि तिच्याशीं खोटें बोलत नाहीं. आम्ही मोठे सत्यवादी म्हणून कचेरींत प्रसिद्ध होतों.

चित्रपट संपला तेव्हां अकरा वाजून गेले होते. सौ. मध्येंच झोंपी गेल्या होत्या. कन्येनें त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली व दिवा मालवला. अंधारांत आम्हीं विचारलें, त्या कणसाचें पुढें काय झालें?

"आत्यानं भाजून दिलं," ती म्हणाली. "मीठ-लिंबू लावून. सगळं खाल्लं मी."