अठरावर ठेवलेली खोली

प्रभादेवीत हॉटेलात उतरणारा माणूस सहसा मौजेसाठी आलेला नसतो. मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत लागायचे म्हणून कुणी सोमवारी रात्रीच येऊन पडतो, हे खरे. पण बाकीचे बरेचसे परळच्या वाटेवरचे असतात. टाटा, केईएम, वाडिया ही तिथली इस्पितळे. बगलेत फाईल, हातात एक्स-रेची मोठी पिशवी, आणि सोबत एक नातेवाईक, जो स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माझा छातीच्या विकारांचा दवाखाना याच वाटेवर आहे, त्यामुळे हा नातेवाईक मला उशिरा का होईना, भेटतोच.

सांगलीकडच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच आल्या. यजमानांची केमो टाटात चालू होती, दर २१ दिवसांनी मुंबई. बाईंना जुना दमा, पण वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला. आता मात्र दर फेरीला उबळ यायची.

“गावाकडं मी ठणठणीत असते हो डॉक्टर. इथं आलं की तिसऱ्या रात्री धरतंय बघा.”

मुंबईची हवा, असे म्हणून मीही आधी हात झटकले. औषध वाढवले. पण त्यांच्या केसपेपरवरच्या तारखा पाहिल्या तर तीन वेळा तेच, तिसरी रात्र. चौथ्या फेरीला हॉटेलात जागा मिळाली नाही म्हणून त्या लालबागला भाचीच्या चाळीत राहिल्या. खाली रस्त्यावर गाड्यांचा धूर, समोर नव्या टॉवरचे खोदकाम, आणि बाई पाचही रात्री शांत झोपल्या. म्हणजे मुंबईच्या हवेवरचा माझा आरोप टिकेना.

मी विचारले, “हॉटेलात एसी किती वर असतो?”

“अठरा. त्याचे वेगळे पैसे लावलेत ना त्यांनी!”

त्या हॉटेलचा मॅनेजर माझ्या ओळखीचा निघाला. बिचारा चांगला माणूस, म्हणाला, “या, बघा, फिल्टर आम्ही दर पंधरा दिवसांनी धुतो.” माझ्या दवाखान्याचा एसी बघणाऱ्या मेकॅनिकला घेऊन मी एका दुपारी गेलो. त्याने स्प्लिटचे पुढचे झाकण उचलले. जाळी खरोखरच स्वच्छ होती. मग त्याने मोबाईलचा टॉर्च खालच्या पात्यांच्या फटीतून आत मारला आणि मला वाकून बघायला सांगितले. आत हवा फेकणारा जो लांबट, पिंपासारखा ब्लोअर असतो, त्याच्या एकूण एक पात्यावर काळा लेप चढला होता. मी बोट फिरवले. काजळी कोरडी असते. हा चिकट होता, आणि त्याला पावसाळ्यात माळ्यावर राहून गेलेल्या गोधडीचा वास होता. कॉइलखालच्या ट्रेमध्ये साबुदाण्याच्या पेजेसारखा तपकिरी थर, कारण पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाला उतारच नव्हता.

“डॉक्टरसाहेब, जाळी धुणं म्हणजे नुसतं तोंड धुणं,” मेकॅनिक म्हणाला. “याला आंघोळ कोणी घातलीच नाय.”

प्लास्टिकची झोळी बांधून, पंप लावून त्याने ती आंघोळ घातली. दीड तास लागला. पहिल्या बादलीतले पाणी शाईसारखे काळे होते. म्हणजे तिथे झोपणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर रात्रभर याच लेपावरून आलेली हवा येत होती. आणि पुष्कळांना ठाऊक नसते ते हे की, स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो.

काम करता करता मेकॅनिक वडिलांविषयी सांगत होता. ते गिरणीत साचाखात्यात होते. तिथे हवेत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडायचे, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. त्याला हे ठाऊक नव्हते, आणि ऐकून तो खूश झाला, की ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी सूतगिरण्यांतून आलेला आहे. स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन गिरणी-इंजिनिअरने तो १९०६ साली वापरला, तो हवेत ओलावा घालण्याच्या तंत्रासाठी. त्याच्या चार वर्षे आधी विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली होती. तिचा हेतूही माणसांना गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची, म्हणून हवेतले पाणी काढायचे होते. एसी हे जन्मापासून ओलाव्याचे यंत्र आहे. गारव्याचे यंत्र आपण त्याला नंतर केले, आणि ओलावा विसरलो.

मुंबईच्या जुलैत हे विसरणे महागात पडते. तेव्हा इथल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की पाणी सुटते. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसे. खोली १८ वर ठेवली की भिंत, कपाटाची पाठ, पलंगाचे डोके, सगळ्यांचा ताकाचा पेला होतो. एसी चालू असताना खोलीतली हवा बरीच कोरडी असते, मान्य. पण बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सतत हवा बाहेर ओढतो, तिची जागा घ्यायला बाहेरची दमट हवा खिडकीच्या चौकटीतून, वायरींच्या भोकांतून आत शिरते आणि थंड पृष्ठभाग गाठते. भिंतीला प्लास्टिकचा वॉलपेपर असला तर पाणी त्याच्यामागे अडकते. वरून पाने-फुले छापलेली, मागे बुरशीचा मळा. त्या खोलीत आम्ही पलंग हातभर पुढे ओढला तेव्हा वॉलपेपरच्या सांध्यावर काळे-गुलाबी ठिपके होते, नेमके उशीच्या उंचीवर.

त्यात यंत्राच्या निवडीची चूक. दहा बाय दहाच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवतात, कारण गिऱ्हाईक आत आल्याबरोबर गार वाटले पाहिजे. असा एसी खोली झटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. हवेतले पाणी काढायला जेवढा वेळ चालायला हवे तेवढा तो चालतच नाही. कॉम्प्रेसर थांबला तरी ब्लोअर फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा हवेत जाते. खोली गार आणि ओली. मग पाहुणा १६ वर नेतो. सकाळी तो दाराजवळच्या खाचेतले खोलीचे कार्ड काढून इस्पितळात गेला की एसीही बंद, एक्झॉस्टही बंद. ओले टॉवेल दांडीवर, खिडकी खिळ्यांनी बंद केलेली. विजेच्या बचतीसाठी आणलेले ते कार्ड बुरशीला रोज आठ तासांची निवांत सवड देते.

आता शरीरात काय होते ते. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉन असतात. आपला केस ७० मायक्रॉनचा. म्हणजे एसीच्या जाळीला ते दिसतही नाहीत, आणि आपल्या श्वासनलिकांच्या शेवटच्या फांदीपर्यंत ते सहज जातात. निरोगी माणूस त्यांचा रोज फडशा पाडतो. दमेकऱ्यांपैकी काहींना त्यांची ॲलर्जी असते, त्यांना खोकला, घरघर, छाती आवळणे सुरू होते. थोड्यांमध्ये बुरशी श्वासनलिकेत मुक्काम करते आणि तपकिरी, घट्ट बेडका पडू लागतो. हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही, पण क्षयरोग समजून त्याच्यावर महिनोन्महिने चुकीचे उपचार झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. असा बेडका दिसला तर आयजीई आणि ॲस्परजिलसची रक्ततपासणी करायला सांगाच.

आणि तिसरा गट, ज्याच्यासाठी हा लेख प्रभादेवीत बसून लिहिणे मला भाग वाटले. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेला रुग्ण. त्याच्या फुप्फुसात हीच बुरशी ॲलर्जी करत नाही, थेट ऊतींत शिरते. परळच्या आसपासच्या खोल्यांत असे रुग्ण आठवडेच्या आठवडे राहतात. शिवाय बांधकामाच्या आणि पाडकामाच्या धुळीत हे बीजाणू भरपूर असतात, आणि गेली कित्येक वर्षे आमच्या भागात एक तरी चाळ किंवा गिरणीची भिंत रोज पडते आहे. अशा रुग्णासाठी पाडकामाच्या बाजूची खिडकी बंदच हवी, आणि म्हणूनच आतला एसी धुतलेला हवा. बाईंच्या दम्यापेक्षा त्यांच्या यजमानांची मला जास्त धास्ती वाटली होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही.

लोक मला १९७६ च्या फिलाडेल्फियाची गोष्ट ऐकवतात. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन झाले, २२१ जण आजारी पडले, ३४ मेले. ते खरे, पण तो जिवाणू होता, बुरशी नव्हे. मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यात तो वाढतो. भिंतीवरच्या साध्या स्प्लिटला तो टॉवर नसतो, तेव्हा ती भीती इथे नको. तसेच एसीत आलेला प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. नुसत्या थंड झोताने श्वासनलिका आवळतात. गालिच्यातली धूळ, उशीतले सूक्ष्म कीटक, डांबरगोळ्या आणि मोगऱ्याचा तो उग्र स्प्रे, हेही तितकेच गुन्हेगार. स्प्रेवर तर माझा खास राग आहे. ज्या खोलीत शिरताच मोगरा अंगावर येतो, तिथे मी आधी छत बघतो.

बुरशी मोजून द्या, असेही काही जण म्हणतात. हवेचे नमुने घेणारे लोक आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर जी मार्गदर्शिका काढली तिने बुरशीची कुठलीही सुरक्षित संख्या ठरवून दिली नाही. ओल आणि बुरशी दूर करा, एवढेच सांगितले. माझ्या मते पाहुण्याचे नाक आणि टॉर्च पुरेत. मात्र नाकाला पहिल्या एक-दोन मिनिटांतच विचारायचे, नंतर ते वासाला सरावते. दार उघडल्यावर कुबट वास आला तर सामान आत घेऊ नका. टॉर्च एसीच्या पात्यांतून आत मारा, पडद्यामागे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, पलंगामागे मारा. पोपडे, काळे ठिपके दिसले की खोली बदलून मागा. एसी २५-२६ वर आणि सोबत छताचा पंखा. झोत तोंडावर नको. २०२० पासून आपल्याकडच्या घरगुती एसींना मुळातच २४ वर सुरू होण्याचा नियम आहे, तो वीज वाचवण्यासाठी केलेला, पण माझ्या रुग्णांच्याही फायद्याचा. दम्याचा पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत, बॅगेच्या तळाशी नाही.

बाई पुढच्या फेऱ्यांना त्याच हॉटेलात राहिल्या, धुतलेल्या एसीच्या खोलीत, २६ वर. “गरम होतंय, पण श्वास येतोय,” म्हणाल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये मात्र पुन्हा एकदा उबळ आली. मॅनेजर बदलला होता, आणि नव्या मॅनेजरने पुन्हा नुसत्या जाळ्या धुवायला सुरुवात केली होती.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जण महाबळेश्वरला किंवा कोकणात निघालेले असतील. तिथे एसी नसला म्हणून निर्धास्त राहू नका. जूनपासून बंद असलेली खोली दिवाळीच्या पाहुण्यासाठी पहिल्यांदा उघडते, आणि चार महिन्यांची ओल गाद्यांत असते. घरात कोणी दमेकरी असेल तर आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: खिडकी उघडते का, आणि गाद्यांना ऊन दाखवले का. पोहोचल्यावर “आधी खोली दाखवा” म्हणायला लाजू नका. माणूस किल्ली शोधत असेल तोवर सामान गाडीतच राहू द्या.