हँडलची थरथर आणि कारणांचा शोध

भरधाव मोटारसायकलचे हँडल अचानक डावीउजवीकडे थरथरू लागले, की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. दुचाकीदुरुस्तीच्या व्यवसायात ही तक्रार घेऊन येणारे अनेक लोक मी पाहिले. त्यांतील बहुतेकांनी निदानही सोबत आणलेले असते : हँडल हलते, म्हणजे दोष हँडलमध्येच. दुःख जिथे जाणवते तिथेच त्याचे मूळ असणार, असे मानण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. या शाळेत सायंकाळच्या वंदनेनंतर भन्तेजी प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगत, तेव्हा तो शब्द उच्चारतानाच आमची जीभ अडखळे. त्याचा अर्थ मला पुढे हातात पाना आल्यावर उलगडत गेला.

मोटारसायकलचे पुढचे चाक स्वभावतःच सरळ राहू पाहते. हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली वाढवला तर चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. त्यामुळे चाक अक्षामागे ओढले जाते आणि किंचित वळले तरी पुन्हा रांगेत येते. रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके अशीच मागे वळून सरळ होतात. मात्र ती गाडी जोरात ढकलली तर तीच चाके फडफडू लागतात. मोटारसायकलचेही तसेच आहे. सरळ होताना चाक मध्य ओलांडून पलीकडे जाते आणि तिथून पुन्हा परत येते. हे हेलकावे सेकंदाला साधारण ५ ते १० असू शकतात. सर्व भाग सुस्थितीत असतील तर ते तत्काळ विरतात. कुठे ढिलेपणा, झीज किंवा चुकीचा भार असेल तर ते वाढत जातात. म्हणजे जो गुण गाडीला सावरतो, तोच प्रतिकूल परिस्थितीत तिला हादरवतो.

काही वर्षांपूर्वी, अशोक विजयादशमीला आठवडा उरला असताना, आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. पत्नीला घेऊन त्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे होते. तो म्हणाला, “दादा, पंचाहत्तरच्या पुढं गेलं की हँडल हातात राहत नाही. कोनसेट नवा टाकला, तरी तेच.” एका कारागिराने तो कोनसेट आणखी आवळून दिला होता. कोणी तरी गाडीला लिंबू-मिरची बांधण्याचाही सल्ला दिला होता. तो मात्र त्याने मानला नव्हता. आपल्या शाळेचे एवढे संस्कार टिकून होते.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवली. कोनसेट ढिला असता तर ‘टक्’ असे जाणवले असते, तसे काही जाणवले नाही. हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवले. जुन्या कोनसेटमध्ये गोळ्यांचे खड्डे पडले असतील तर ते मध्यावर अडकते. इथे ते अडकत नव्हते, पण जड मात्र फिरत होते : कोनसेट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता. रिमजवळ स्क्रू-ड्रायव्हर स्थिर धरून चाक फिरवले. रिम सरळ होती. चाक आडवे हलवून पाहिले. बेअरिंगही ठीक होते. पुढच्या बाजूला थरथरीचे समाधानकारक कारण सापडेना.

मग मागे वळलो. मागचे चाक आडवे ढकलताच चिमटा बोटभर हलला. त्याचे बुश झिजले होते. टायर मधोमध सपाट झाला होता आणि हवा कमी होती. शिवाय सीटच्या मागे लोखंडी कॅरिअर बसवून त्यावर सामानाची जड पेटी बांधलेली. मागच्या अॅक्सलच्याही पलीकडे एवढे ओझे आले, की पुढच्या चाकावरचा भार घटतो. हात थरथरत होते पुढे, पण त्यांना थरथरवणारे बरेच काही मागे होते.

सगळे एकदम बदलणे सोपे होते. तसे केले असते तर खरे कारण कळलेच नसते. म्हणून प्रथम पेटी उतरवली आणि हवा भरली. मोकळ्या रस्त्यावर हेल्मेट घालून, एकट्याने, वेग हळूहळू वाढवत पाहिले. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग बुश बदलले. आणखी फरक पडला. नंतर टायर बदलला आणि शेवटी कोनसेट योग्य तेवढाच सैल केला. तेव्हा हँडल शांत झाले. यांतील एकेक दोष एकटा असता तर कदाचित जाणवलाही नसता. ते एकत्र आले, म्हणून ही अवस्था उद्भवली. आणि एकेक दूर झाला, तशी ती मावळली.

निघण्यापूर्वी मी त्याला एवढेच सांगितले : धावत्या गाडीत पुन्हा असे झाले, तर हँडल घट्ट आवळू नकोस आणि ब्रेक जोरात दाबू नकोस. आवळलेले हात त्या हेलकाव्यांत सामील होतात. गुडघ्यांनी टाकी धर, छाती थोडी पुढे घे, पकड हलकी ठेव, अॅक्सिलरेटर हळूहळू सोड; वेग उतरला की कडेला थांब. भीती वाटत असताना पकड हलकी ठेवणे अवघड असते. पण इथे मिनिटभर ध्यानाला बसवून जे शिकवले गेले, ते याहून फार वेगळे नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी त्याचा फोन आला, “दादा, पोहोचलो दोघंही.” १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या भूमीकडे आपल्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दुचाकीवरून निघतात. त्यांना माझी विनंती आहे : निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही टायरची हवा, कोनसेट, चिमटा आणि मागचे ओझे पाहून घ्या. पंधरा मिनिटे पुरतात, आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.