गवत्याचा लौकिक

मराठी मत्स्यशेतकऱ्याच्या तोंडी ज्याचे नाव ‘गवत्या’ आहे आणि बाजारात जो ग्रास कार्प म्हणून विकला जातो, त्या माशाला रशियन भाषेत ‘बेली अमूर’, म्हणजे अमूरचा पांढरा, असे म्हणतात; चीन आणि रशिया यांच्या सीमेवरून वाहणारी अमूर नदी ही त्याच्या मूळ प्रदेशाची उत्तरेकडची हद्द आहे. छत्तीसगढमधल्या भिलाईच्या तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्याला हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही, पण या गावाच्या इतिहासाशी ते विलक्षण जुळते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा हे गाव नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्याच १९५९ साली हाँगकाँगहून आणलेला गवत्या ओडिशातील कटक येथील मत्स्यसंशोधकांच्या तळ्यांत उतरला. या दोन आगमनांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी आज भिलाईच्या आसपासच्या पाण्यात हा मासा पाहताना त्यांची आठवण एकत्रच होते.

पाण्याची या मुलखाला वाण नाही. तांदुला जलाशयाचे पाणी कालव्याने कारखान्यापर्यंत येते, पश्चिमेला शिवनाथ वाहते, आणि गावोगाव ‘तरिया’ म्हणजे तळी आहेत. दुर्ग जिल्ह्यातील धमधा गावात ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी एकशे सव्वीस तळी असल्याचे लोक अभिमानाने सांगतात. यातली ‘कोरी’ ही मराठीतल्या ‘कोडी’सारखीच विसाची मोजणी आहे. शब्दांचे नाते एवढ्यावरच थांबत नाही. गळाने मासे धरण्याला छत्तीसगढीत ‘गरी खेलना’ म्हणतात, आणि गळाचा आकडा या अर्थाने ‘गरी’ हा शब्द मराठीच्या जुन्या कोशांतही नोंदलेला आहे. जाळे टाकणे हे केवट आणि ढीमर समाजांचे पोटापाण्याचे काम. गरीला मात्र छत्तीसगढीने ‘खेळणे’ हे क्रियापद दिले, आणि तिच्यामागची चिकाटी, सुटीची दुपार आणि हरण्याची तयारी या एका क्रियापदात आली आहे.

या खेळात गवत्याचा लौकिक फारसा चांगला नाही. रोहू दोरी ताणतो, कटला वजनाने दमवतो, मरळ झडप घालतो आणि महसीर तर खळखळत्या पाण्याचा राजा; त्यांच्या शेजारी गवत खाणारा, सावलीला बिचकणारा आणि गळाला लागल्यावर मुकाट ओढला जाणारा मासा गरी टाकणाऱ्यांना मिळमिळीत वाटतो. परदेशी गळवाल्यांतही त्याच्याविषयी दोन तट आहेत. अमेरिकेत १९६३ साली त्याला मुद्दाम आणले गेले ते पाणवनस्पती कमी करण्यासाठी, शिकारीचा मासा म्हणून नव्हे, आणि पुष्कळांच्या मनातून त्याची ही नोकरदाराची ओळख आजही गेलेली नाही. हा निवाडा अन्यायाचा आहे. तो माशाच्या स्वभावाकडे न पाहता दिलेला आहे, आणि त्या स्वभावाचा उगम त्याच्या तोंडात नसून घशात आहे.

गवत्याच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात, कल्ल्यांच्या मागे, फणीसारखे ओळीने बसलेले असतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दाचा, टेनोफॅरिंगोडॉनचा, अर्थही ‘घशात फणीसारखे दात असलेला’ असाच होतो. पान ओठांत धरायचे, झटक्याने ओढायचे आणि घशाशी नेऊन फाडायचे, ही त्याची रीत आहे. शाकाहारी प्राण्याच्या मानाने त्याचे आतडे आखूड असल्यामुळे खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपास अन्न न पचताच बाहेर पडते, आणि म्हणून त्याला सतत खावे लागते. पाणी उबदार असेल तेव्हा तो दिवसाकाठी आपल्या वजनाइतका कोवळा पाला सहज संपवतो. बाहेर पडलेला चोथा तळ्याचे खत होतो, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि ते इतर माशांच्या पोटात जातात. कटला, रोहू, मृगळ, चंदेरा, सायप्रिनस आणि गवत्या असे सहा मासे एकाच तळ्यात वाढवण्याच्या मिश्र मत्स्यशेतीत, म्हणजे तळ्याच्या निरनिराळ्या थरांतले निरनिराळे अन्न वेगवेगळ्या जातींना वाटून देण्याच्या पद्धतीत, त्याला मानाचे स्थान मिळाले ते यामुळे.

त्याचे खाणे जवळून पाहायचे असेल तर मत्स्यशेतकऱ्याच्या तळ्यावर सकाळी जावे. पाण्यावर बांबूची चौकोनी चौकट तरंगत असते आणि कापलेले नेपियर गवत, बरसीम किंवा केळीची चिरलेली पाने तिच्यात टाकलेली असतात, म्हणजे ती वाऱ्याने तळेभर पांगत नाहीत. प्रथम काहीच हलत नाही. मग एक पाते उभे राहते, जणू खालून कोणी देठाला धरले आहे. ते क्षणभर थरथरते आणि सरळ खाली जाते. त्याच्या शेजारचे दुसरे जाते. थोड्याच वेळात सगळी चौकट हलू लागते, पाण्याशी ओठ लावून काही शोषल्यासारखा मऊ, ओला आवाज येतो, आणि त्या हिरव्या गर्दीत मधूनच रुंद, बोथट डोके व काळसर कडांचे मोठे खवले चमकून जातात. काठावरून कोणाची सावली पडली की सारे एकदम थांबते.

गरी टाकणाऱ्याने शिकायचे ते इथे. गवत्या भित्रा म्हणून बदनाम आहे, पण उथळ पाण्यात, पृष्ठभागालगत, उजेडात चरणाऱ्या माशाला सावध राहण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे काठावरची धपधपणारी पावले, पाण्यावर पडणारी सावली आणि जाड दोरी या तीन गोष्टी त्याला आमिषापासून दूर ठेवतात. रोहूसाठी मळलेला पिठाचा गोळा तळाशी सोडून त्याची वाट पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण तो बहुधा वर पाहत असतो. मक्याचे मऊ दाणे, पोळीचा किंवा पावाचा तरंगता तुकडा, कोवळ्या पालकाची पाने, असे काही त्याच्या चरण्याच्या जागी आधी थोडे पसरून मग त्यातच गळ लपवावा लागतो. अमेरिकेत तुतीच्या झाडाखाली, पिकलेली फळे पाण्यात पडण्याच्या दिवसांत, हा मासा टिपतात. तळ्याच्या पाळीवर जांभूळ आणि उंबर वाढू देणाऱ्या मुलखात ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.

आणि मग ती ‘मिळमिळीत’ झुंज. गळ लागल्यावर गवत्या पुष्कळदा दोरीमागे चालत येतो, इतका निमूटपणे की नवख्याला काडीकचरा अडकल्याचा भास होतो. काठ दोन हातांवर येतो, दांड्याची जाळी पाण्यात उतरते, आणि त्याच वेळी तो मासा जागा होतो: शेपटीचा एक फटका, पाण्याबाहेर झेप, पुन्हा खोलाकडे धाव, आणि ढिलाई समजून घट्ट धरलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तुटून हातात राहतो. काही माशांची ताकद आरंभी खर्च होते. याची शेवटासाठी राखलेली असते. जाळीत आल्यावरही तो इतका आपटतो की स्वतःलाच जखमी करून घेतो, म्हणून ज्याला तो परत सोडायचा आहे त्याने ओल्या फडक्यावर, कमीत कमी वेळ, हाताळणे आवश्यक आहे. जो त्याला निस्तेज म्हणतो त्याने बहुधा हा शेवटचा क्षण पाहिलेला नसतो.

त्याची बाजू घेताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. गवत्याला तण आणि वैभव यांतला फरक कळत नाही. ज्या तळ्यात पाणवनस्पती हेच माशांचे अंडी घालण्याचे आणि पाणपक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण आहे, तिथे तो बेसुमार सोडला तर पाणी उघडे पडते. लोहमार्गाने नागपूरकडे जाताना लागणाऱ्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. अशा तलावांत गवत्या नको, शेततळ्यांत आणि तणाने बुजलेल्या पाण्यात हवा, हा निवाडा स्पष्टपणे देणे इष्ट आहे, आणि त्यात माशाचा दोष नाही.

कारण तो या तळ्यांत स्वतःहून आलेला नाही. गवत्याची अंडी लांबच्या लांब वाहत्या प्रवाहात, पाण्याच्या मधल्या थरात तरंगत उबतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात ती तळाशी बसून मरतात. माशाला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी मिळवण्याची जी पद्धत हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १९५७ साली ओडिशातील अंगुळ येथे भारतीय कार्प माशांवर यशस्वी केली, तीच १९६२ मध्ये कटकला गवत्यावर फळाला आली, आणि तेव्हापासून मत्स्यजिरे, बीज, बोटुकली अशा पायऱ्यांनी त्याची पिढी केंद्रांतच तयार होते. भिलाईच्या तळ्यात गरीला लागणारा प्रत्येक गवत्या कोणीतरी पिशवीतून आणून त्या पाण्यात सोडलेला असतो, आणि तो गेला की त्याची जागा भरण्यासाठी दुसरा पुन्हा आणूनच सोडावा लागतो.