त्यांना विचारलंत का?

कॅन्सरच्या ओपीडीत रुग्णाआधी बहुधा त्याचा मुलगा किंवा जावई आत येतो. दार लोटून घेतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "मॅडम, त्यांना काही सांगू नका. खचून जातील. जे काय ठरवायचं ते आम्हाला सांगा." यात प्रेमच असतं. पण ज्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया व्हायची, तो माणूस तेव्हा बाहेर बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेला असतो.

नागपुरात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणं हे माझं काम. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडूनही माणसं इथे येतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून केलेला खर्रा या भागात मुलांच्याही खिशात असतो, त्यामुळे कामाला तोटा नाही. हात शिकवावा तसा शिकत जातो. रुग्णाबरोबर बसून उपचार ठरवणं ही मात्र वेगळी विद्या आहे, आणि ती शस्त्रक्रियेइतकीच सरावाने येते.

ही विद्या दोन प्रकारे चुकते. पहिला प्रकार जुना: "हे करायचं, सोमवारी भरती व्हा." दुसरा नवा आणि दिसायला सभ्य: "हे दोन पर्याय आहेत, घरी विचार करून काय ते सांगा." पहिल्यात रुग्णाला विचारलेलं नसतं, दुसऱ्यात त्याला एकटं सोडलेलं असतं. आजार कसा वागतो हे मला माहीत असतं. आपलं जगणं कशावर उभं आहे हे फक्त रुग्णाला माहीत असतं. या दोन्ही गोष्टी एका टेबलावर आल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. गाठ बरीच वाढलेली, पण कूर्चा फोडून बाहेर गेलेली नसेल, तर दोन वाटा असतात. एक, स्वरयंत्र काढून टाकायचं. मग श्वास कायमचा गळ्याच्या छिद्रातून. दुसरी, शेक म्हणजे रेडिएशन आणि किमो देऊन ते वाचवायचा प्रयत्न करायचा. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला शस्त्रक्रिया आणि नंतर शेक, दुसऱ्याला आधी किमो आणि गाठ विरघळू लागली तर शेक. दोन वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातले अडुसष्ट जण हयात होते, आणि दुसऱ्या गटातल्या शंभरातल्या चौसष्ट जणांचं स्वरयंत्र शाबूत होतं. किमो आणि शेक एकाच वेळी दिले तर हा आकडा आणखी वाढतो, हे २००३ च्या अभ्यासात दिसलं. जगण्याचा हिशेब जवळपास सारखा असेल, तर निवड कशावर करायची? इथे माझं शास्त्र थांबतं आणि रुग्णाला बोलावं लागतं.

भंडारा जिल्ह्यातले एक धानशेतकरी असेच आले होते. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी गळ्याचं चित्र काढलं: श्वासाची नळी, अन्नाची नळी, मध्ये गाठ. दोन्ही वाटा सांगितल्या आणि गप्प बसले. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड. बाहेर चाळीस माणसं थांबलेली असतात. त्या शेतकऱ्यांची बायको आधी बोलली, "जीव वाचला पायजे मॅडम, आवाजाचं काय घेऊन बसले!" ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग बसक्या आवाजात म्हणाले, "गावात भजनाचा पयला सूर मीच लावतो."

ज्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी पोचली, तिथे या वाक्याचं वजन सांगावं लागत नाही. महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरच्या आजारातच गेले, आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे.

पण नुसता सूर ऐकून निर्णय होत नाही. स्वरयंत्र वाचवण्याच्या वाटेची किंमतही मी सांगितली. आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे, पस्तीस शेक. तोंड सोलवटेल, घास उतरणार नाही, कदाचित नाकातून नळी घालावी लागेल. आवाज राहिला तरी पूर्वीचाच राहील असं नाही. नंतर नेमाने तपासणीला यावं लागेल. गाठ उरली तर तेव्हा शस्त्रक्रिया करावीच लागेल, आणि शेकलेल्या गळ्याची जखम लवकर भरत नाही. मग त्यांनी विचारलं, "कापणी झाल्यावर सुरू केलं तं चालते का?" महिनाभर थांबणं धोक्याचं होतं. पण शेकाआधी किडके दात काढायचे असतात, चेहऱ्याचा साचा बनवायचा असतो. त्या आठ-दहा दिवसांत कापणी साळ्याकडे सोपवायचं ठरलं. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च निघत होता. सात आठवडे नागपुरात राहायचं कुठे, हा प्रश्न योजनेत नव्हता. तो धर्मशाळेतल्या खोलीने सुटला. ती खोली मिळाली नसती तर आमचा सगळा विचार कागदावरच राहिला असता, म्हणून राहण्याची सोय मी आता पहिल्याच भेटीत विचारते.

अशाच आजाराचे एक किराणा दुकानदार होते. ते म्हणाले, "मला रोजची धाकधूक नको. गाठ काढूनच टाका." नंतर शेक लागू शकतो, हे सांगूनही त्यांचं मन बदललं नाही. दोघांनी वेगळं ठरवलं आणि दोघांचंही बरोबर होतं.

सगळीकडे पर्याय असे तोलामोलाचे नसतात, आणि नसतील तर तसा आव आणणं ही फसवणूक आहे. जिभेची लहान गाठ, मानेत हाताला काही लागत नाही. तरी मानेच्या ग्रंथी आत्ताच काढायच्या की वाट पाहायची? मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचं उत्तर दिलं. आधीच काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ऐंशी जण हयात, वाट पाहिली तर साधारण सदुसष्ट. इथे मी "तुम्हीच ठरवा" म्हणत नाही. "माझ्या भावाला असतं तर मी काढायलाच सांगितलं असतं," असं सरळ म्हणते. खांदा काही काळ दुखेल, तेही सांगते. नाही म्हणायचा हक्क तरीही रुग्णाचाच.

शेवटी मी विचारते, "घरी गेल्यावर शेजाऱ्याला काय सांगाल?" उत्तरात चूक निघाली तर ती माझ्या सांगण्यातली, असं धरून पुन्हा सांगते.

आता त्या दार लोटणाऱ्या मुलाविषयी. त्याच्याशी मी भांडत नाही. "त्यांना काय माहीत आहे असं तुम्हाला वाटतं?" एवढंच विचारते. बहुतेकदा वडिलांना सगळं कळलेलं असतं. तुकडा तपासायला पाठवला तेव्हाच कळलेलं असतं. मुलगा बापासाठी गप्प असतो, बाप मुलासाठी. मग रुग्णालाच विचारते, "सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" मुलाशी बोला म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय, आणि मी तो पाळते. कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या ऐवजी तिच्या आईने दिलेली संमतीही पुरत नाही. आपल्याकडे निर्णय घर घेतं, आणि ते चांगलंच आहे. सात आठवडे डबा घेऊन घरच येतं. फक्त त्या घरात रुग्णही मोजला पाहिजे.

घरात कुणाला कॅन्सर निघाला तर एवढं करा. रुग्णाला खोलीत आत न्या. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्यापुढे वाटा किती, प्रत्येकीत मिळेल काय आणि जाईल काय, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. उत्तरं कागदावर लिहून मागा. आणि सही करण्याआधी आपल्या माणसाला विचारा, की बाबा, तुम्हाला काय हवं आहे?