मिस्कीनांची होडी

जुम्याच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या घरी सूरह अल-कहफची तिलावत होते. ह. मूसा (अ.) आणि अल्लाहने खास ज्ञान दिलेल्या एका नेक बंद्याचा प्रवास या सूरहमध्ये येतो. हा बंदा म्हणजे ह. खिज्र (अ.), असे हदीसमध्ये सांगितले आहे. दोघे होडीत बसतात आणि ह. खिज्र (अ.) त्या होडीलाच खोट काढतात. ह. मूसांना (अ.) राहवत नाही. उलगडा नंतर होतो. होडी पाण्यावर कष्ट करणाऱ्या मिस्कीन लोकांची होती, आणि पलीकडे एक राजा प्रत्येक होडी जबरदस्तीने हिसकावून घेत होता. खोट असलेली होडी त्याने घेतली नसती.

या आयतीतल्या एका शब्दाकडे इमाम शाफई (रह.) यांनी लक्ष वेधले आहे. होडीचे मालक असूनही कुरआनने त्यांना मिस्कीन म्हटले. म्हणजे हातात एखादी वस्तू असली तरी माणूस गरजवंत असू शकतो. उजनीच्या काठावर राहणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल. तिथे होडी असणे ही श्रीमंतीची खूण नाही. ती होडी चोरीला गेली की घराची चूल थंडावते.

भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. सोलापूरची तहान याच पाण्यावर भागते. पाणी सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना टेकलेले आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात आणि त्यांना पाहायला शहरातली माणसे येतात. करमाळा तालुक्यात फुगवट्याकाठी राहणाऱ्या आमच्या धाकट्या चुलतभावाने याच आधारावर संसार उभा करायचे ठरवले. आम्ही सोलापुरातल्या भावांनी थोडे थोडे पैसे घातले आणि फायबरची एक लहान होडी व तिला जोडायचे इंजिन घेतले. ईदच्या दुसऱ्या दिवशी घरची मुले तिच्यात फिरत. एरवी ती त्याची रोजी होती.

उन्हाळ्यात उजनी 'उणे' मध्ये गेली की पाणी काठापासून दूर सरकते. होडी घरासमोर राहत नाही. चिखल ओलांडून लांब, पाणी असेल तिथे बांधावी लागते, आणि रात्री तिथे कोणी नसते. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे होडी जागेवर नव्हती. साखळी कापलेली होती.

त्याच सकाळी चुलतभावाने पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. तीन जिल्ह्यांच्या पाण्यावर हद्दीचा प्रश्न नेहमी निघतो. होडी या काठाची, सापडते त्या काठाला. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. फिर्यादीत इंजिनचा नंबर लिहिला जाईल हे पाहावे. नंबर नसेल तर सापडलेले इंजिन आपलेच आहे हे सिद्ध करणे कठीण जाते.

होडीचा विमा होता. चोरी शनिवारी उघडकीस आली, मग रविवार, सोमवारी सुटी. मंगळवारी विमा कंपनीला लेखी कळवले. काही दिवसांनी कंपनीचे पत्र आले की कळवायला उशीर का झाला. असे पत्र आले की आपली माणसे घाबरतात आणि पैसे बुडाले समजून गप्प बसतात. आम्ही फिर्यादीची प्रत जोडून उत्तर दिले. 24 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने चोरीला गेलेल्या वाहनाच्या प्रकरणात म्हटले आहे की पोलिसांकडे लगेच तक्रार केलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. तो निकाल वाहनाचा आहे, होडीचा नव्हे. पण त्यातला विचार उत्तरात मांडता येतो. आम्ही तो मांडला आणि दावा पुढे सरकला.

नंतर सर्व्हेअर आले. त्यांचा पहिला प्रश्न कुलुपाचा होता. लहान होड्यांच्या पॉलिसीत बहुधा अशी अट असते की इंजिन नेहमीच्या पकडीशिवाय आणखी एका चोरीरोधक कुलुपाने होडीला जखडलेले असावे. नसेल तर इंजिनच्या चोरीची भरपाई मिळत नाही. चुलतभावाने ते कुलूप पहिल्या दिवसापासून लावले होते आणि त्याची पावती जपली होती. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सर्व्हेअर विचारत होते ते याच दोरीबद्दल.

दावा मंजुरीच्या टप्प्यावर असताना खरी कसोटी आली. पलीकडच्या काठावरच्या एका मच्छीमाराचा फोन आला. झुडपांत अडकलेली एक फायबरची होडी त्याला दिसली होती. आम्ही गेलो. होडी आमचीच होती. एका बाजूने तडकलेली, इंजिन गायब.

घरात त्या रात्री बराच वेळ बोलणे झाले. एक नातेवाईक म्हणाले, "दावा पूर्ण होडीचा टाकलाय. पैसे येऊ द्या, मग होडी घरी आणा. कंपनीचा पैसा आहे, कुणा गरिबाचा नाही." आमच्यापैकी एक-दोघे गप्प राहिले. गप्प राहण्याला कारणही होते. दोन महिने चुलतभावाची कमाई बंद होती, मुलांच्या शाळेची फी थकली होती. तेव्हा अम्मी म्हणाल्या, "चोराने मशीन नेली, होडी टाकून दिली. मग होडीचे पैसे मागणारा कोण? चोर की आपण?"

चुलतभावानेच दुसऱ्या दिवशी पोलिसांना आणि कंपनीला होडी सापडल्याचे लेखी कळवले. इंजिनचे 90,000 आणि होडीचे 70,000 असा विमा होता. घसारा आणि आपल्या वाट्याची रक्कम वजा होऊन इंजिन व दुरुस्ती मिळून 74,000 रुपये हाती आले. पूर्ण होडीचा दावा लपवून रेटला असता तर याहून बरेच जास्त आले असते, हे आम्हाला माहीत होते आणि त्यालाही. नवीन इंजिनसाठी कमी पडलेली रक्कम कुटुंबाने कर्ज-ए-हसना म्हणून उभी केली, बिनव्याजी, हंगाम झाल्यावर फेडायच्या बोलीवर.

"कंपनीचा पैसा" या शब्दांवर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. विम्याची रक्कम हजारो लोकांच्या हप्त्यांतून जमते. त्यात कोणाचा ट्रॅक्टर असतो, कोणाचा टेम्पो. खोटा दावा त्या सगळ्यांच्या हप्त्यात मिसळतो. शिवाय भरपाई मिळाल्यावर सापडलेल्या वस्तूवर कंपनीचा हक्क येतो. पैसेही घ्यायचे आणि होडीही ठेवायची, हा कायद्याने फसवणुकीचा गुन्हा आहे. अमानतीत खयानत करणे ही मुनाफिकाची खूण आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

विमा घ्यावा की नाही, याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. 1985 साली जेद्दाह येथील इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विम्याला नाजायज आणि परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला जायज ठरवले. त्याच वाटेवर अनेक देशांत तकाफुलच्या संस्था चालतात. आपल्याकडे ती सोय नाही. काही ठिकाणी कायदाच विमा सक्तीचा करतो. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनच्या होडीची नोंदणी आणि इतरांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या नुकसानीसाठी विमा यांची तरतूद आहे. 21 मे 2024 रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटून सहा जीव गेले, ते याच पाण्यात. आपल्या घराच्या परिस्थितीत काय करावे हे जाणत्या आलिमांना विचारावे. मात्र विमा घेतलाच असेल तर तो खरेपणाने चालवणे यावर कोणाचा मतभेद नाही.

खरेपणा दाव्याच्या दिवशी नव्हे, अर्ज भरण्याच्या दिवशी सुरू होतो. होडीचा वापर 'पर्यटकांना फिरवणे' असाच लिहिला होता. घरगुती वापर सांगून हप्ता कमी करता आला असता, पण मग हा दावा तिथेच संपला असता. किंमत ठरलेली आहे की त्या वेळच्या बाजारभावाने मिळणार, हे आधीच विचारून घ्यावे. इंजिनच्या नंबरचा आणि होडीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. चोर सापडला नाही तर पोलिसांचा तपास बंद केल्याचा अहवाल, ज्याला 'अ समरी' म्हणतात, कंपनी मागते. त्याचा पाठपुरावा आपणच करावा लागतो. कंपनीने दावा चुकीने नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूरकरांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आता चुलतभावाने होडीच्या दोन्ही बाजूंना भडक रंगात ठळक नाव आणि क्रमांक लिहिला आहे. तडकलेल्या जागी लावलेले ठिगळ त्याने मुद्दाम रंगवले नाही. ते दुरूनही ओळखू येते, आणि विकायला नेले तर घेणारा विचारेलच. यशवंतसागरात वाळूचोरांच्या होड्यांवर महसूल खात्याचे छापे पडतात, त्या होड्या नष्ट केल्या जातात. बेवारस दिसणारी होडी त्यात सापडू नये, म्हणूनही नाव हवेच. रात्री तो इंजिन काढून खांद्यावरून घरी आणतो. कागदांची फाईल घरात कुठे आहे हे आता त्याच्या बायकोलाही माहीत आहे. विम्याची तारीख जवळ आली की आठवण तीच करून देते.